सेन्सर गेलाय साहेब, चारही बदलावे लागतील

हे वाक्य ज्याने ऐकलेलं नाही असा फोर बाय फोरवाला नाशकात शोधून दाखवावा. डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखं एक पिवळं चित्र येतं, मध्ये उद्गारचिन्ह. आपण गाडी घेऊन जातो. सर्व्हिस ॲडव्हायजर टॅबवर काहीतरी टकटक करतो, आत जातो, चहा पिऊन येतो आणि हे वाक्य टाकतो. मग चार सेन्सरचं एस्टिमेट येतं, वर 'प्रोग्रामिंग चार्जेस' नावाची एक ओळ. आपण मान डोलावतो, कारण आपल्याला वाटतं की सेन्सर म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये काय बघणार.

मंडळी, आजचं म्हणणं एवढंच की हे निदान नाही. हा अंदाज आहे, आणि तो आपल्या पैशाने तपासला जातो. मुद्दा नुसता पैशांचा असता तर शनिवार वाया घालवला नसता. टायरमधली हवा हा जिवाचा मामला आहे.

मला सर्वात जास्त खुपतं ते हे की सगळं अंबडसारख्या गावात चालतं. एक्सलो पॉइंटपासून गरवारे पॉइंटपर्यंत एक चक्कर मारा. गल्लीगल्लीत मशीन शॉप, प्रेस शॉप, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग. शेजारी सातपूरला महिंद्राचा कारखाना, जिथून थार बाहेर पडते. या पट्ट्यातल्या लहानसहान युनिटलाही वाहन कंपन्यांना माल द्यायचा तर आयएटीएफ १६९४९ चं सर्टिफिकेट लागतं. प्रत्येक व्हर्नियरवर, मायक्रोमीटरवर, प्रेशर गेजवर कॅलिब्रेशनचं स्टिकर. तारीख उलटून गेलेलं एक गेज ऑडिटरला दिसलं तर मालकाची रात्रीची झोप उडते. बुशचा व्यास दहा मायक्रॉनने वाढला आणि माल परत आला, तर ८डी रिपोर्ट द्यावा लागतो. दोष काय, कुठे, कधीपासून, मूळ कारण काय, ते कारण तुम्ही सिद्ध कसं केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. 'मशीन गेलंय साहेब, नवीन घेतो' असं त्या कागदावर लिहून बघा. गेटच्या आत घेणार नाहीत.

आणि ज्या उद्योगाने ही शिस्त अंबडच्या दोन गाळ्यांच्या कारखानदारालाही लावली, तोच उद्योग गाडी विकून झाल्यावर गिऱ्हाइकाला सांगतो, 'सेन्सर गेलाय, चारही बदला.' मूळ कारण? माहीत नाही. सिद्ध कसं केलं? केलं नाही. जुने सेन्सर कुठे आहेत? स्क्रॅपमध्ये.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, लांबवत नाही.

टीपीएमएस म्हणजे टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम. ती दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात टायरच्या आत, व्हॉल्वच्या बुडाशी काडेपेटीहून लहान एक डबी बसवलेली असते. तिच्यात दाब मोजणारी चिप, तापमान मोजणारी चिप, एक रेडिओ ट्रान्समीटर आणि एक लिथियमची बॅटरी. आपल्याकडे आणि युरोपात ती साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर बोलते, अमेरिकेत ३१५ वर. चाक फिरायला लागलं की डबी जागी होते आणि मिनिटाभराने एकदा वगैरे ओरडते, 'मी अमुक नंबरची, माझ्याकडे दाब इतका, तापमान इतकं.' गाडी उभी राहिली की बॅटरी वाचवण्यासाठी झोपी जाते. बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं चालते आणि डबी रेझिनने बंद केलेली असते, त्यामुळे सेल संपला की डबीच टाकायची. दुसऱ्या प्रकारात आत काहीच नसतं. एबीएसचे चाकाचा वेग मोजणारे सेन्सर असतात, त्यावरूनच हिशेब. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जरा जास्त फिरतं. यात 'सेन्सर बदला' म्हणायलाही जागा नाही. टायरचा साइज बदलला, हवा भरली, तर सिस्टीम रिसेट करायची एवढंच.

म्हणजे पहिला प्रश्न असा की तुमच्या गाडीत यातली कुठली आहे? चारही चाकांचे आकडे वेगवेगळे दिसत असतील तर बहुतेक पहिली. नुसता दिवाच असेल तर दोन्हीपैकी कुठलीही असू शकते, मॅन्युअल उघडा. हे न विचारता एस्टिमेटवर सही करणारे लोक आहेत. आयटी कंपनीत ऑन-कॉल ड्यूटी करणारे, प्रॉडक्शनला रात्री दोनला अलर्ट आला तर लॉग वाचल्याशिवाय सर्व्हर रीस्टार्ट करू न देणारे लोक. गाडीचं बॉनेट दिसलं की ह्यांचं सगळं इंजिनिअरिंग कुठे जातं कोण जाणे :)

दुसरा प्रश्न, दिवा कसा लागला? गाडी सुरू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, की सरळ स्थिर लागला? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. अमेरिकन नियमात हे लिहूनच ठेवलंय आणि बऱ्याच कंपन्या तीच पद्धत जगभर वापरतात. लुकलुकून स्थिर म्हणजे 'मला नीट ऐकू येत नाहीये, सिस्टीममध्ये बिघाड आहे.' सरळ स्थिर म्हणजे 'मला नीट ऐकू येतंय आणि हवा कमी आहे.' दुसऱ्या प्रकारात सेन्सर बदलायला निघणं म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फेकून देणं.

आणि नाशकात हा दुसरा प्रकार थंडीत हमखास होतो. साधं शाळेतलं गणित आहे. दुपारी उन्हात हायवेवरून आलात, टायर तापून आतली हवा ५० अंशांवर गेलेली. पंपावर पोरगा म्हणतो, 'किती मारू साहेब?' तुम्ही म्हणता ३३. तो ३३ पीएसआय मारतो. हवा तीच, टायर तोच, कुठेही गळती नाही. पण डिसेंबरच्या पहाटे पारा दहावर आला की तेच टायर २७ च्या आसपास दाखवतं. सहा पीएसआय गायब. निफाडकडे राहणाऱ्यांनी तर आणखी एक धरावा, तिथली थंडी द्राक्षवाल्यांना विचारा. म्हणून टायरची हवा थंड असताना, गाडी निदान तीन तास उभी असताना बघायची असते आणि आकडा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवरचा घ्यायचा, पंपावरच्या पोराच्या मनातला नाही. नायट्रोजन भरलाय म्हणून हे होत नाही अशी एक अंधश्रद्धा आहे. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. तापमान उतरलं की दोन्हींचा दाब जवळजवळ सारखाच उतरतो. नायट्रोजन कोरडा असतो हा त्याचा फायदा, पण चमत्कार नाही.

असो. आता ऑफ-रोडवाल्यांकडे वळतो, कारण त्यांच्याकडे हा आजार दुप्पट आहे.

पावसाळ्यात त्र्यंबक, इगतपुरीच्या चिखलात उतरायचं तर टायरची हवा कमी करावी लागते. १८-२० पीएसआयवर टायर पसरतो, पकड वाढते. अशा वेळी दिवा लागणारच, लागायलाच हवा. सिस्टीम तिचं काम करतेय. घोळ पुढे होतो. दिवसभर दिवा जळतोय, डोळ्यांना सवय झाली. संध्याकाळी चिखल झाडून, वडापाव खाऊन परत डांबरावर येताना हवा भरायची राहते, किंवा तीन चाकांत भरली आणि चौथ्याला खडकाने व्हॉल्वपाशी दुखवलंय हे कळत नाही. दिवा तर सकाळपासून लागलेलाच होता! आपल्या धंद्यात याला अलर्ट फटिग म्हणतात. लांडगा आला रे आला, दुसरं काय.

मग एक 'अनुभवी' दादा येतात. ते सांगतात, 'अरे आमच्या जुन्या जीपला कुठे होते सेन्सर? चिकटपट्टी लाव त्या दिव्यावर.' दादांबद्दल पूर्ण आदर आहे. पण दादांची जीप साठ-सत्तरच्या वर पळत नव्हती आणि पळाली तर आधी तिचा आवाजच सांगायचा. आज तोच पोरगा चिखलातून निघून भरवीरला किंवा इगतपुरीला समृद्धीवर चढतो, गाडी १२० वर लावतो, काँक्रीटचा रस्ता, दुपारचं ऊन, मागे चार जण आणि सामान. कमी हवेचं टायर प्रत्येक फेरीत जास्त वाकतं, वाकण्याची उष्णता होते, उष्णतेने रबर आणि आतले स्टीलचे पट्टे एकमेकांना सोडू लागतात. हे हळूहळू होतं आणि शेवटी एकदम होतं. नवीन केबिनमध्ये गाणी चालू असताना काही ऐकू येत नाही.

टीपीएमएस सक्तीची झाली तीच एका एसयूव्हीपायी. फोर्ड एक्स्प्लोरर आणि फायरस्टोनचे टायर. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने लाखो टायर परत बोलावले. पट्टे सुटून गाड्या उलटत होत्या आणि अमेरिकेत अडीचशेहून जास्त लोक गेले. टायरमध्ये दोष होताच, पण भांडण हवेवरूनही झालं. फोर्डने २६ पीएसआय सांगितलं होतं, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रेड ॲक्ट आला आणि हवा कमी झाली तर गाडीने ड्रायव्हरला सांगितलं पाहिजे हा नियम त्यातून निघाला. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना तो लागू आहे. मध्ये सरकारने स्वस्तातला, अर्धवट पकडणारा पर्यायही चालेल असं म्हटलं होतं. ग्राहकांची संघटना कोर्टात गेली आणि २००३ मध्ये कोर्टाने तो पर्याय उडवला. म्हणजे ज्या दिव्यावर आपण चिकटपट्टी लावतो त्याच्यामागे माणसं गेलेली आहेत आणि लोक भांडलेले आहेत.

आपल्याकडे २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमात सुधारणा झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत टीपीएमएस बसवली असेल तर ती एआयएस-१५४ या मानकाप्रमाणे असावी, आणि ट्यूबलेस टायर, टीपीएमएस व पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी दिली नाही तरी चालेल. यातली गंमत लक्षात घ्या. कंपनीने स्टेपनी वाचवायची ती या सिस्टीमच्या भरवशावर. मग ती सिस्टीम गिऱ्हाइकाला वाचता येईल, तपासता येईल, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला सांभाळता येईल अशी नको का?

आता कायद्याची दुसरी बाजू, जी मला झोपेतून उठवते. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला येणाऱ्या एका गाडीचं मागचं टायर फुटलं, गाडी खड्ड्यात गेली आणि एक तरुण माणूस जागीच गेला. विमा कंपनीचं म्हणणं असं की टायर फुटणं ही देवाची करणी, आमची जबाबदारी नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. टायर फुटण्याला वेग असेल, कमी किंवा जास्त हवा असेल, जुने टायर असतील, तापमान असेल. ही माणसाची हयगय आहे आणि निघण्यापूर्वी टायरची स्थिती तपासणं हे चालक-मालकाचं काम आहे, अशा अर्थाचं कोर्टाने म्हटलं. कुटुंबाची भरपाई कायम राहिली.

मला हा निकाल शंभर टक्के पटतो. 'टायर फुटला' हे आपल्या देशातलं सर्वात सोयीचं वाक्य आहे, त्यापुढे कोणी काही विचारत नाही. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले, तेव्हाही पहिलं वाक्य हेच आलं होतं. नंतर आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नसल्याचं समोर आलं. पण मग निकालाचा उलटा अर्थही घ्या. हवा ही माझी जबाबदारी असेल, तर हवेची माहितीही माझी असली पाहिजे. गाडीला चारही सेन्सरचे नंबर माहीत आहेत. कोणता शेवटचा कधी बोलला हे माहीत आहे. बऱ्याच सेन्सरच्या संदेशात बॅटरी उतरल्याची खूणही असते, तीही तिला ऐकू येते. आणि मला ती काय दाखवते? एक नाल. उरलेलं वाचायचं तर सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर, आणि तो वाचून माणूस सांगणार, 'गेलाय साहेब.'

एक उदाहरण देतो. अंबडमध्ये छोटं मशीन शॉप चालवणारा माझा एक मित्र आहे. गाडी फोर बाय फोर, कंपनी कुठली ते सोडा. दिवा आधी लुकलुकायचा, मग स्थिर. सर्व्हिस सेंटरने स्कॅन केलं, मागचं डावं चाक बोलत नाही म्हणाले, आणि एस्टिमेट दिलं चार सेन्सरचं. गाडी दोन वर्षांची! रविवारी आम्ही लॅपटॉपला टीव्ही ट्यूनरसारखी दिसणारी एक स्वस्त यूएसबी काडी लावली आणि आरटीएल-४३३ नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालू केलं. ते फक्त ऐकतं, काही पाठवत नाही. तो गाडी आवारात फिरवत होता, मी ऐकत होतो. तीन नंबर येत होते. चौथा गप्प. मग गाडीच्या मागे टांगलेल्या स्टेपनीच्या व्हॉल्वमधून थोडी हवा सोडली आणि चौथे महाशय बोलायला लागले! झालं होतं असं की महिन्यापूर्वी त्र्यंबक रोडला पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने स्टेपनी चाकाच्या जागी लावली, दुरुस्त केलेलं चाक मागे टांगलं. स्टेपनीत सेन्सर नव्हताच. खरा सेन्सर मागच्या दारावर, न फिरता, निवांत झोपलेला. चाकांची अदलाबदल केली, एक चक्कर मारली, दिवा गेला. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. मित्राने एकच प्रश्न विचारला, 'माझ्या शॉपमध्ये असं रूट कॉज न शोधता पार्ट बदलला असता तर गिऱ्हाइकाने मला ठेवलं असतं का?'

ही काडी सगळ्यांनी घ्या असं मी म्हणत नाही. तिच्याशिवायही नव्वद टक्के निदान होतं, फक्त क्रम पाळायला हवा.

पहिलं, स्वतःचं एक बरं गेज. दोन पिझ्झांच्या पैशांत येतं. थंड टायरवर पाचही चाकं मोजा, आकडे लिहून ठेवा. हवा कमी असेल तर भरा, थोडं चालवा, दिवा जातो का बघा. विषय संपला तर संपला. पुन्हा त्याच चाकाची हवा गेली तर साबणाचं पाणी घेऊन व्हॉल्वपाशी आणि रिमच्या कडेला बुडबुडे शोधा.

दुसरं, गेज आणि डिस्प्ले यांचा ताळा. एक-दोन पीएसआयचा फरक चालतो. उंचीनेही थोडा पडतो, अंबडहून घाट उतरून समुद्रसपाटीला गेलात तर बाहेरचा दाब वाढतो आणि गेजवर साधारण एक पीएसआय कमी दिसतो. पण हवा पाच पीएसआय सोडली, गाडी थोडी चालवली आणि डिस्प्ले ढिम्म हलला नाही, तर त्या सेन्सरचं भोक बुजलेलं असण्याची शक्यता मोठी. टायरमध्ये कोणी पंक्चर न होण्याचं जेल ओतलंय का, आठवा. ते टायरला कितीही चांगलं असो, सेन्सरचं नाक बंद करतं.

तिसरं, किती सेन्सर गप्प आहेत? एकच असेल तर तो, त्याचा व्हॉल्व किंवा त्याची जागा. बीड ब्रेकरचं पातं नेमकं व्हॉल्वपाशी लावलं की डबी फुटते, म्हणून टायर नुकतं उतरवलं होतं का ते विचारा. चारही एकाच दिवशी गप्प झाले तर चार बॅटऱ्या एकाच सकाळी मेल्या असं मानायला मी तयार नाही. फ्यूज, रिसीव्हर, किंवा नव्याने लावलेला डॅशकॅमचा चार्जर, एलईडी बार यांचा गोंगाट बघा. सगळं उपटून एक फेरी मारा. रिम बदलली असेल तर मग बोलायलाच नको. जुने सेन्सर जुन्या रिमसोबत कोणाला विकलेत का?

चौथं, पहाटे लुकलुकतो आणि दुपारी शहाणा होतो, गाडी सहा-सात वर्षांची आहे. ही मरणाऱ्या बॅटरीची खूण, थंडीत तिचा दाब पडतो म्हणजे व्होल्टेज. इथे सेन्सर बदला, खुशाल चारही बदला. चारही एकाच वयाचे आहेत आणि टायर उतरवायचा खर्च वाचतो. मी सेन्सर बदलण्याच्या विरुद्ध नाही, न बघता बदलण्याच्या विरुद्ध आहे.

आता कोणी म्हणेल, सर्व्हिस सेंटरच्या पोराला कशाला शिव्या? बरोबर आहे. त्याला शोधायच्या वेळेचे पैसे मिळत नाहीत, पार्ट विकल्याचे मिळतात. अर्धा तास साबणाचं पाणी लावून त्याने 'व्हॉल्वचं रबर गेलंय' असं शोधलं तर बिल होणार चणे-फुटाण्यांचं आणि वर मॅनेजर विचारणार, अर्धा तास काय करत होतास. दोष त्या पोराचा नाही, त्याला असं वागायला लावणाऱ्या हिशेबाचा आहे. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं तर आणखी वाईट. दिवसाला पाच-दहा सेन्सरवाली चाकं त्याच्या हाताखालून जातात आणि त्याला कोणी शिकवलेलं नाही, ना व्हॉल्वचं रबर-नट-पिन यांचं किट काउंटरवर मिळतं. मग तो पितळेची साधी पिन ॲल्युमिनियमच्या व्हॉल्वमध्ये ठोकतो, दोन पावसाळ्यांत ती गंजून जाम होते, पुढच्या वेळी पकड लावली की व्हॉल्वच तुटतो. वास्तविक तिथे निकेल प्लेटिंगची पिन लागते. अंबडमध्ये ती पिन कोणीही बनवून देईल. पण मागणीच नाही, कारण सगळ्यांचं ठरलंय की पूर्ण सेन्सरच विकायचा.

केंद्राच्या ग्राहक विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्यात मोबाइल, शेतीची यंत्रं, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही होती. पोर्टलही निघालं. चांगलं झालं. पण पोर्टलवर मॅन्युअलची लिंक देणं म्हणजे दुरुस्तीचा हक्क नव्हे. माझी मागणी अगदी साधी आहे, प्रोग्रामरच्या भाषेत एका दिवसाचं काम. गाडीच्या स्क्रीनवर एक पान द्या. प्रत्येक सेन्सरचा नंबर, शेवटचा संदेश कधी आला, दाब, तापमान, बॅटरीची खूण. ही सगळी माहिती गाडीत आधीच आहे, फक्त दाखवत नाही. दुसरी मागणी, नवा सेन्सर ओळखून घेण्याची सोय मालकाला द्या. काही गाड्या थोडं चालवल्यावर आपोआप ओळखतात, म्हणजे अशक्य नाही. तिसरी, व्हॉल्वचं किट सुटं विका. 'चोरी होईल, हॅकिंग होईल' हे कारण सांगू नका. २०१० मध्येच अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की हे संदेश उघडेच असतात आणि ४० मीटरवरूनही ऐकता येतात. रस्त्यावरच्या कोणालाही ऐकू येतंय, फक्त मालकाला नाही, अशी सध्याची सुरक्षा आहे.

आणि कंपन्या हे कधी करतील? आपण मागू तेव्हा. तोपर्यंत पुढच्या वेळी कोणी चार सेन्सरचं एस्टिमेट पुढे केलं तर आवाज न चढवता चार गोष्टी जॉब कार्डवर लिहून मागा. पाचही चाकांची थंड टायरवर मोजलेली हवा. कोणता नंबर बोलत नाही. ते कशावरून कळलं. आणि बदललेला जुना पार्ट माझ्या हातात. शेवटच्या मुद्द्यावर बरेच लोक अडखळतात, तुम्ही अडून राहा. पार्टचे पैसे तुम्ही दिलेले आहेत, तो तुमचा आहे. अंबडमधला कुठलाही पर्चेसवाला याहून कमी मागत नाही आणि त्याला कोणी भांडकुदळ म्हणत नाही.

आज शनिवार आहे, गाडी रात्रभर उभी होती, टायर थंड आहेत. गेज असेल तर आत्ता खाली जाऊन स्टेपनी धरून पाच आकडे घ्या. नसेल तर पाथर्डी फाट्याला कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळेल.